बाजारात तुरी : येणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अफवा कशा वाचाव्यात?

परीक्षेचं टाइमटेबल, मेसचा मेनू आणि विंडोजची पुढची आवृत्ती! हॉस्टेलमध्ये अफवांचं पीक या तीन शेतांत बारमाही निघतं. पहिल्या दोन अफवांचा निकाल आठवड्याभरात लागतो. तिसरी मात्र वर्षानुवर्षे चालते. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी" या म्हणीसारखं, अजून न आलेल्या सिस्टिमवरून दोन रूम्समध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडणं होतात.

भांडणं झाली तर बिघडत नाही. सबमिशन सोडून काहीही करायला आपण तयारच असतो! पण याच ऐकीव माहितीवर पैसे खर्च होतात किंवा अडून राहतात. "नवीन विंडोज येतेय, तेव्हा आत्ता लॅपटॉप घेऊ नका," असं कुणीतरी सांगतं आणि फर्स्ट इयरचा मुलगा अख्खं सेमिस्टर लॅपटॉपशिवाय काढतो. म्हणून या विषयाचा जरा शिस्तीत अभ्यास करायचं ठरवलं.

तसं पाहिलं तर विरार लोकलने जाणाऱ्याला हा विषय वेगळा शिकवायची गरज नाही. "फास्ट पलीकडे येतेय!" असं कुणीतरी ओरडतं आणि अर्धा प्लॅटफॉर्म पुलावर चढतो. अनुभवी प्रवासी मात्र आधी इंडिकेटर बघतो, मग पाय उचलतो. ऑपरेटिंग सिस्टिमलाही असे इंडिकेटर असतात. ते कुठे लावलेत एवढंच माहीत हवं.

आधी थोडे शब्द

ऑपरेटिंग सिस्टिम तयार होत असताना तिला बहुतेक वेळा टोपणनाव असतं. विंडोज ९५ चं टोपणनाव होतं 'शिकागो', विंडोज व्हिस्टाचं 'लाँगहॉर्न'. हे नाव बाजारात येत नाही. ते कारखान्यातलं नाव, बारशाआधी बाळाला 'सोन्या' म्हणतात तसं.

प्रोग्रामर लिहितात तो कोड एकत्र करून जी चालणारी सिस्टिम तयार होते तिला 'बिल्ड' म्हणतात आणि प्रत्येक बिल्डला नंबर असतो. त्यातली काही बिल्ड्स बाहेरच्या लोकांना तपासायला देतात, ती 'बीटा'. त्यानंतर 'रिलीज कँडिडेट', म्हणजे मोठा दोष सापडला नाही तर हेच बाजारात जाणार. बीटामध्ये दिसलेली सोय शेवटी असेलच असं नाही. मेसमध्ये संध्याकाळी कांदा चिरताना दिसला म्हणून रात्री भजी मिळतीलच असं थोडंच आहे!

आणखी एक गंमत. बाजारातला नंबर आणि पोटातला नंबर वेगळे असतात. व्हिस्टाचा आतला नंबर ६.०, विंडोज ७ चा चक्क ६.१ आणि विंडोज ८ चा ६.२. विंडोज १० ला आतूनही १०.० केलं, पण विंडोज ११ च्या पोटात आजही १०.० च आहे. फरक कळतो तो बिल्ड नंबरवरून, २२००० किंवा त्याच्या पुढे असेल तर ते विंडोज ११. विश्वास बसत नसेल तर विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, रोमन अक्षरांत 'विनव्हर' टाइप करा आणि एंटर मारा. म्हणजेच नाव मार्केटिंगवाले ठरवतात आणि आतला नंबर इंजिनिअर ठरवतात. अर्ध्या अफवा या दोघांची गल्लत झाल्यामुळेच होतात.

अफवा येते कुठून?

प्रकार पहिला : अर्धवट ऐकलेलं वाक्य. मे २०१५ मध्ये शिकागोला मायक्रोसॉफ्टची 'इग्नाइट' परिषद झाली. तिथे कंपनीचे जेरी निक्सन बोलण्याच्या ओघात म्हणाले, की विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती आहे. झालं! जगभर बातमी गेली, की आता विंडोज ११ कधीच येणार नाही. त्यांचा रोख असा होता, की यापुढे दर काही वर्षांनी नवी पेटी विकण्याऐवजी त्याच सिस्टिममध्ये सतत भर घालत राहायची. कंपनीने तेव्हाच खुलासा केला होता, की पुढच्या नावाबद्दल आम्ही आत्ता काही बोलत नाही. तो खुलासा कोण वाचतो? सहा वर्षं लोक "विंडोज १० शेवटची" हेच धरून बसले. २४ जून २०२१ ला विंडोज ११ जाहीर झालं आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला बाजारात आलं.

प्रकार दुसरा : फुटलेलं बिल्ड. पेपर फुटतो तसं बिल्डही फुटतं. विंडोज ११ जाहीर होण्याच्या काही दिवस आधी २१९९६ नंबरचं बिल्ड बाहेर आलं. त्यात स्टार्टचं बटण मधोमध होतं आणि नावही स्पष्ट लिहिलेलं होतं. ही अफवा खरी निघाली, कारण तिच्यामागे हातात धरता येईल असा पुरावा होता. पण एवढ्यावर खूश होऊ नका. पुढच्याच महिन्यात, जुलै २०२१ मध्ये, कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीने इशारा दिला, की याच बिल्डच्या नावाने एक खोटी फाइल फिरते आहे. साइज पावणेदोन जीबी, म्हणजे अस्सल वाटावी अशी. त्यातला बराचसा भाग नुसता भरताड होता आणि काम काय, तर तुमच्या मशीनवर नको ते प्रोग्राम आणून टाकायचं. हॉस्टेलमध्ये एक पेनड्राइव्ह किती रूम्स फिरतो ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा अफवा खरी असली तरी तिच्याबरोबर आलेली फाइल खरी असते असं नाही.

प्रकार तिसरा : पटणारं स्पष्टीकरण. विंडोज ८ नंतर ९ यायला हवं होतं, पण ३० सप्टेंबर २०१४ ला एकदम १० जाहीर झालं. का? इंटरनेटवर एका निनावी माणसाने सांगितलं, की जुन्या प्रोग्राम्समध्ये 'नाव विंडोज ९ ने सुरू होतं का' अशी तपासणी असते. विंडोज ९५ आणि ९८ दोन्ही त्यात एकदम पकडले जातात. मग नव्या सिस्टिमचं नाव विंडोज ९ ठेवलं असतं तर हे प्रोग्राम तिलाही ९५ समजले असते! आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच पटतं. तसा कोड काही जावा प्रोग्राम्समध्ये खरोखर सापडलाही. पण मायक्रोसॉफ्टने हेच कारण आहे असं कधी अधिकृतपणे सांगितलं नाही. शिवाय विंडोजला आवृत्ती विचारली की ती नाव नाही, आकडे देते. म्हणजे स्पष्टीकरण शक्य कोटीतलं आहे, सिद्ध मात्र नाही. व्हायव्हात "असू शकतं सर" म्हणून मार्क मिळत नाहीत, तोच नियम इथे लावा.

प्रकार चौथा : खुद्द कंपनीचं आश्वासन. हा सगळ्यात फसवा प्रकार, कारण याला कुणी अफवा म्हणतच नाही. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आलं. पुढची आवृत्ती लाँगहॉर्न २००३ च्या सुमाराला येईल असा अंदाज होता. ऑक्टोबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने डेव्हलपर्सच्या परिषदेत तिची जोरदार झलक दाखवली. तिच्यात 'विनएफएस' नावाची, फाइल्स डेटाबेससारख्या शोधता येतील अशी व्यवस्था असणार होती. ऑगस्ट २००४ मध्ये कंपनीने बेत बदलला, विनएफएस वगळलं आणि बरंचसं काम नव्याने सुरू केलं. शेवटी ३० जानेवारी २००७ ला ती व्हिस्टा या नावाने सर्वसामान्यांच्या हाती आली, एक्सपीनंतर पाच वर्षांहून जास्त काळाने! यात कुणी खोटं बोललं असं नाही. पण झलक म्हणजे माल नव्हे.

प्रकार पाचवा : गाभा खरा, नाव खोटं. २०२३ मध्ये चर्चा होती, की २०२४ मध्ये विंडोज १२ येणार. आलं काय? विंडोज ११ चंच २४एच२ हे अपडेट, १ ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने. म्हणजे अफवा खोटी? पूर्ण नाही. या अपडेटच्या आतला पाया खरोखर नवा होता. त्याचं टोपणनाव 'जर्मेनियम' आणि बिल्ड २६१००. आत नवं बांधकाम चाललं होतं ही माहिती बरोबर होती. त्यावरून पाटीही नवी लागेल, हा मात्र लोकांनी काढलेला निष्कर्ष होता.

सगळ्याच सिस्टिम्सच्या बाबतीत अफवांना एवढी जागा नसते हेही लक्षात घ्या. उबुंटू लिनक्सची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते आणि तिच्या नंबरातच वर्ष आणि महिना असतो. पहिली ४.१०, म्हणजे २००४ चा ऑक्टोबर. २००६ मध्ये एप्रिलची आवृत्ती जूनपर्यंत लांबली, तर नंबरच ६.०६ झाला. उशीर झाला तो जगजाहीर! काम उघड्यावर चाललं की कुजबुजीला वावच राहत नाही.

आपल्या पवईचं उदाहरण

हे सगळं परदेशातलं झालं. आता आपल्या जवळचं बघू. १५ जुलै २०१० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाच्या चिन्हाला मंजुरी दिली. ते काढलं डी. उदय कुमार यांनी. ते पवईच्या आयआयटी मुंबईत, आयडीसी या डिझाइन विभागात पीएचडी करत होते. लगेच प्रत्येकाचा प्रश्न एकच : हे कॉम्प्युटरवर कधी टाइप करता येणार?

काही दिवसांतच मंगळूरच्या फोरेडियन कंपनीने एक फुकट फॉन्ट काढला. तो टाकून कीबोर्डवरची, एकच्या डावीकडची कळ दाबली की रुपया उमटायचा. "रुपया आला!" म्हणून तो फॉन्ट हातोहात पसरला. पण खरंच आला होता का? फाइलमध्ये साठत होतं ते जुनंच तिरकी रेघ असलेलं अक्षर. रुपयाचा नुसता मुखवटा. ज्याच्या मशीनवर तो फॉन्ट नाही त्याला बिलावर रकमेच्या आधी ती रेघच दिसणार.

मराठी टाइप करणाऱ्यांना हे दुखणं जुनं आहे. युनिकोडच्या आधीचे आपले बहुतेक मराठी फॉन्ट असेच होते. आत रोमन अक्षरांचे कोड, वर देवनागरीची चित्रं. म्हणून जुन्या मासिकाची फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली, की अगम्य अक्षरांचा चिवडा दिसतो. विंडोज २००० पासून युनिकोडची देवनागरी मिळू लागली. तिच्याबरोबर आलेला 'मंगल' फॉन्ट केला होता र. कृ. जोशी यांनी, आणि तेही पूर्वी त्याच आयडीसीमध्ये शिकवत होते.

रुपयाचा खरा रस्ता असा होता : आधी युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा, मग फॉन्ट, मग ऑपरेटिंग सिस्टिम. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड ६.० मध्ये ती जागा मिळाली. त्याच महिन्यात आलेल्या उबुंटू १०.१० मध्ये चिन्ह होतं. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी अपडेट दिलं आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते मुळातच आलं. ज्याला हा क्रम माहीत होता त्याला "उद्याच येणार" आणि "कधीच येणार नाही" या दोन्ही अफवा एका नजरेत ओळखता आल्या असत्या. मधली पायरी झाली आहे का, एवढंच बघायचं.

येणाऱ्याची तारीख आणि जाणाऱ्याची तारीख

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. येणाऱ्या सिस्टिमची तारीख अफवेत असते. जाणाऱ्या सिस्टिमची तारीख मात्र आधीच लिहून ठेवलेली असते!

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं, तेव्हाच मायक्रोसॉफ्टच्या तक्त्यात त्याच्या सपोर्टचा शेवटचा दिवस छापलेला होता : १४ ऑक्टोबर २०२५. म्हणजे जग "ही शेवटची आवृत्ती, आता कायमची हीच" म्हणत होतं, तेव्हा तिच्या निरोपाची तारीख सगळ्यांसमोर होती. पण तक्ता वाचायला कंटाळवाणा, अफवा ऐकायला चविष्ट!

ती तारीख जवळ आली तशी दुसरी अफवा उठली, की त्या दिवशी जुनी मशीन्स बंद पडणार. माझ्या रूममेटच्या बाबांचं नालासोपाऱ्यात झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. दोन जुने कॉम्प्युटर, एक प्रिंटर, त्यावर घर चालतं. दोन्ही मशीन्स विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि साधारण आठव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचाच इंटेल प्रोसेसर चालतो. काकांना कुणीतरी सांगितलं, "दिवाळीआधी हे डबे होणार, आत्ताच भंगारात काढा." ते कर्ज काढून नवीन घ्यायच्या तयारीत होते.

आम्ही बसून शांतपणे वाचलं. सपोर्ट संपणं म्हणजे मशीन बंद पडणं नाही. सिस्टिम चालूच राहते, फक्त सुरक्षेचे नवे अपडेट थांबतात. अर्थात हेही साधं नाही, कारण झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह लागतात, म्हणजे धोका घरच्या मशीनपेक्षा जास्तच. पण जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं, की घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतील आणि त्यातल्या काही पर्यायांत पैसेही लागणार नाहीत. दुकानाचा हिशेब वेगळा, तिथे ही सवलत धरून चालता येत नव्हती. मग ठरलं असं : ग्राहकांचे पेनड्राइव्ह लागतात त्या मशीनवर लिनक्स टाकायचं आणि प्रिंटर चालतोय ना ते आधी तपासायचं. दुसरं मशीन नेटपासून तोडून फक्त जुन्या फाइल्ससाठी ठेवायचं. नवीन घ्यायचंच, पण पैसे साठवून, एका वेळी एक. काकांचं कर्ज वाचलं, ते एक तक्ता वाचल्यामुळे.

पाच प्रश्नांची कसोटी

कुठलीही अफवा कानावर आली की हे विचारा :

१. मूळ कोण बोललं? "सगळे म्हणतायत" हे उत्तर धरू नका.
२. पुरावा कसला आहे? बिल्ड नंबर, छापलेला तक्ता, की नुसता स्क्रीनशॉट?
३. हे आतल्या बांधकामाबद्दल आहे की बाहेरच्या नावाबद्दल?
४. मधल्या पायऱ्या झाल्यात का? बीटा नाही, रिलीज कँडिडेट नाही, तर पुढच्या महिन्यात येणार कुठून?
५. हे खरं निघालं तर मला आज काय वेगळं करावं लागेल?

एक उदाहरण सोडवून बघू. जानेवारी २०२३ मध्ये 'भारओएस' या मोबाइलच्या भारतीय सिस्टिमची बातमी आली. तोंडोतोंडी पोचेपर्यंत तिचा अर्थ झाला, "आता सगळ्यांच्या फोनमधून अँड्रॉइड जाणार." लावा कसोटी. मूळ कोण? आयआयटी मद्रासच्या छायेत सुरू झालेली एक कंपनी, म्हणजे स्रोत खरा. बांधकाम कसलं? अँड्रॉइडच्याच खुल्या सोर्स कोडवर आधारलेलं. कोणासाठी? गोपनीयतेची कडक गरज असलेल्या संस्थांसाठी. म्हणजे काम खरं आणि चांगलंही, पण आपल्या फोनबद्दल केलेला दावा हवेतला. पाचव्या प्रश्नाचं उत्तर : आज काहीही करायचं नाही.

हा पाचवा प्रश्न जास्तीत जास्त वेळा वापरा. अफवा खरी की खोटी हे कळायला कधीकधी वर्ष जातं, पण "मला आज काय करायचंय" याचं उत्तर बहुतेक वेळा लगेच मिळतं. लॅपटॉपची गरज आज असेल तर आजच घ्यावा. घेताना दुकानदाराला "पुढची विंडोज कधी?" असं न विचारता, या मशीनवरच्या विंडोजचा सपोर्ट कधीपर्यंत आहे आणि प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे हे बघावं. फायनल इयरचा प्रोजेक्ट बीटावर कधीही करू नये, नवीन चाखायचं असेल तर वेगळ्या पार्टिशनवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये. आणि फुटलेलं बिल्ड कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलं तर त्याला चहा पाजा, पण पेनड्राइव्ह लावू नका!

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे" असं आपल्याकडे म्हणतात. इंजिनिअरिंगच्या मुलांनी त्यात थोडी भर घालायला हरकत नाही : ऐकावे जनाचे, वाचावे तक्त्याचे, आणि मग करावे मनाचे. येत्या ॲडमिशनच्या वेळी गेटवर कुणाचे तरी आई-वडील विचारतीलच, "बाळा, लॅपटॉप आत्ता घेऊ की थांबू?" त्यांना आपलं उत्तर बाजारातल्या तुरींवरून देऊ नका. त्यांच्या कष्टाच्या पैशाचा प्रश्न आहे. दोन मिनिटं काढून तारीख बघा आणि मग सांगा.